जिल्हा परिषदेच्या शाळेची प्रसिद्धी करायची, पण कशी? (पट १७)

माळावरचा_मास्तर · ६ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर मी सहा वर्षांपासून आहे. पहिली ते चौथी, पट १७. चार वर्षांमागे तो ३४ होता. लेकरं गाव सोडून कुठे गेलेली नाहीत. रोज सकाळी सव्वाआठला तालुक्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन फाट्यावर येते आणि आमच्याच गावची २२ पोरं तिच्यात बसतात.

शाळा वाईट नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या चौथीतली सगळी मुलं धडा न अडखळता वाचतात, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार करतात. पण हे गावाला दिसत नाही. कॉन्व्हेंटचे फ्लेक्स फाट्यापासून बसस्टँडपर्यंत लागलेत. आमच्या भिंतीवर बाहेरून वाचता येईल असं एकच आहे, पोषण आहाराचा आठवड्याचा तक्ता.

परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अध्यक्ष भाऊ म्हणाले, "गुरुजी, आपली पण जाहिरात करा ना." तिथल्या तिथे लोकवर्गणी झाली, ६,००० रुपये जमले. फ्लेक्स लावायचे, पत्रकं वाटायची की पेपरात छापून आणायचं? आमच्या सहशिक्षिका म्हणतात फ्लेक्स अजिबात नको. पाडवा तोंडावर आलाय, प्रवेशाचं जे करायचं ते आत्ताच करावं लागेल. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा.

---

कपाशी_वखर · ६ मार्च, रात्री १०:०५

गुरुजी, बाईचं आयका. फ्लेक्स पयल्या वावधनात फाटते अन् मंग कोनाच्या तरी कुटाराच्या गंजीवर झाकन म्हनून जाते. आमच्या गावात तीन गंज्यायवर तीन नेते झोपले हायेत.

---

रोखठोक_अकोला · ६ मार्च, रात्री १०:३१

मला हा विषयच पटत नाही. शिक्षकाचं काम शिकवणं. आधीच जनगणना, निवडणूक, मतदारयादी, ऑनलाइन माहिती, सगळं त्याच्याच डोक्यावर. त्यात आता जाहिरातही त्यानेच करायची? आणि शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच मिळणार. म्हणजे पट १७ चा ४० झाला तरी चार वर्ग दोन माणसांनीच सांभाळायचे. पट वाढवून तुमचंच ओझं वाढेल.

---

माळावरचा_मास्तर · ६ मार्च, रात्री १०:५२

दादा, ओझं वाढलेलं चालेल. २० च्या आतल्या शाळांची समूहशाळा (आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच) करायचं परिपत्रक २०२३ मध्ये निघालं तेव्हापासून गावात धाकधूक आहे. शाळा गेली तर या १७ पोरांना साडेचार किलोमीटर जावं लागेल, मध्ये नाला आहे. पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस उतरत नाही.

---

वर्धेकर_आई · ७ मार्च, सकाळी ७:१५

मी पोरीला व्हॅनमध्ये बसवणारी आई आहे. गाव दुसरं, गोष्ट तीच. खरं काय ते सांगते, राग मानू नका.

फ्लेक्स पाहून आम्ही कॉन्व्हेंटमध्ये घातलं नाही. पोरगी साडेतीन वर्षांची असताना कॉन्व्हेंटची मॅडम दोनदा घरी आली. चहा प्यायली, पोरीला मांडीवर घेतलं, तिचं नाव लक्षात ठेवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आमच्या दारात आजपर्यंत कोणी आलं नाही. शाळा घरापासून शंभर पावलांवर, पण आत काय चालतं ते आम्हाला माहीत नाही. फाटक बंद असतं.

दुसरं, जाऊ म्हणाली, "सरकारी शाळेत घातलं की लोक म्हणतात यांची परिस्थिती नाही." ते मनाला लागतं. वर्षाला १८,००० फी आणि महिन्याला ९०० व्हॅनचे, कापूस विकून भरतो. आता पोरगी दुसरीत आहे. इंग्रजी कविता म्हणते, पण मराठी पेपरातलं मोठ्या अक्षरातलं नावही तिला नीट वाचता येत नाही. हे मी घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

आणि एक. तुम्ही लोक पाडव्याला घरोघर फिरता. आमचं तर दिवाळीतच ठरलेलं असतं, तेव्हा हातात पैसा असतो.

---

अंगणवाडी_ताई · ७ मार्च, दुपारी १:२०

वर्धेकर ताई बोलली ते शंभर टक्के. गुरुजी, कोणाचं लेकरू कधी सहा वर्षांचं होते ते माझ्या रजिस्टरात असते. गावातल्या प्रत्येक मायशी माझी बोलचाल आहे, लसीपासून पोषण आहारापर्यंत. पण शाळेतून मला विचारणा होते ती एप्रिलातल्या शाळापूर्व तयारी मेळाव्याच्या आदल्या दिवशी, यादी द्या म्हणून.

आम्ही आमच्या गावात असं केलं. दिवाळीनंतर दर शनिवारी अंगणवाडीतली मोठी लेकरं एक तास शाळेत नेऊन बसवली. दुसरीतल्या पोरांनी त्यांना चित्रं दाखवली, गोष्टी सांगितल्या. सोबत माया पण येत गेल्या, कोणी दारात उभ्या, कोणी ओट्यावर बसलेल्या. जूनमध्ये ११ पैकी ९ लेकरं तिथंच बसली. याला एक रुपया लागला नाही.

---

तालुका_वार्ताहर · ७ मार्च, रात्री ८:४५

मी पंधरा वर्षं तालुक्यावरून बातम्या देतो, म्हणून पेपरापुरतं बोलतो.

शाळांकडून येणाऱ्या दहापैकी नऊ बातम्यांची सुरुवात "मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन" अशी असते. मग अध्यक्ष, प्रमुख अतिथी, सूत्रसंचालन, आभार. पोरं कुठे आहेत ते सापडतच नाही. डेस्कवरचा माणूस पहिल्या दोन ओळी वाचतो आणि चार सेंटीमीटरमध्ये गुंडाळतो. पहिल्या वाक्यात पोरांनी काय केलं ते लिहा. फोटो आडवा काढा, त्यात चार-पाचच चेहरे असू द्या आणि ते काहीतरी करत असू द्या. रांगेत उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहणारे नकोत. मजकूर दुपारी चारच्या आत पाठवा. संध्याकाळी सातला आलेली बातमी शिळी होते.

पैसे मागितले तर देऊ नका. एकदा एका शाळेला वर्धापनदिनाच्या पुरवणीत जाहिरात द्या मग बातमी लावतो, असं सांगितलं गेलं. माझ्याच धंद्यातला माणूस होता, मला लाज वाटली. दुसऱ्या पेपराकडे जा. आकाशवाणीचं केंद्र नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूरला आहे, मुलांचे कार्यक्रम घेतात का ते चौकशी करून पाहा. पोरांचा आवाज रेडिओवर आला की अख्खं गाव पारावर जमून ऐकतं.

आता गुरुजी, गेल्या वर्षभरात तुमच्या शाळेत काय घडलं ते सांगा. कार्यक्रम नको, घटना सांगा.

---

माळावरचा_मास्तर · ७ मार्च, रात्री १०:१०

घटना म्हणाल तर एक आहे.

आम्ही चौथीला बेरीज-वजाबाकी घरच्या कागदांवर शिकवतो. विजेचं बिल, किराण्याची चिठ्ठी, काटापट्टी (विकलेल्या मालाच्या वजनाची चिठ्ठी). दिवाळीआधी एका मुलीने बापाने विकलेल्या सोयाबीनची काटापट्टी आणली. आठ पोती. ६२, ६१, ६३, ६०, ६२, ६४, ६१, ६३. खाली एकूण ४८६ लिहिलेलं. मुलीने पाटीवर मांडलं, ४९६ आलं. मी म्हटलं पुन्हा कर. पुन्हा ४९६. मग तिने दहा-दहाच्या गटांनी केलं, तरी ४९६. पाटी घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, माहं चुकलं नाई, कागदाचं चुकलं."

दहा किलो. क्विंटलला ४,२०० च्या भावाने ४२० रुपये. बाप दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेला आणि पैसे घेऊन आला. संध्याकाळी पानठेल्यावर त्याने ती काटापट्टी जो भेटेल त्याला दाखवली. त्या आठवड्यात माझ्याकडे सात जण आपापल्या काटापट्ट्या घेऊन आले, पोरांकडून तपासायला. त्यातले दोघे व्हॅनवाल्या पोरांचे बाप.

---

तालुका_वार्ताहर · ७ मार्च, रात्री १०:१८

गुरुजी!! ही पहिल्या पानाची बातमी आहे. "चौथीच्या मुलीने पकडली व्यापाऱ्याची चूक." मुलीचा पाटीसह फोटो आणि काटापट्टी उद्याच पाठवा.

---

संत्रानगरी · ७ मार्च, रात्री १०:२२

अंगावर काटा आला. "कागदाचं चुकलं." वा पोरी!

---

काळाकोट_वरुड · ७ मार्च, रात्री ११:००

थांबा. घाई करू नका.

ही बातमी छापली तर मुलीचा फोटो, गावाचं नाव आणि व्यापारी कोण हे सगळं एका दिवसात तालुक्याला कळेल. त्या बापाला पुढच्या हंगामात माल कुठे विकायचा आहे? बहुतेक तिथेच. कदाचित त्याच्याकडूनच बियाणं-खत उधारीवर उचललेलं असेल. चूक मुद्दाम होती की बेरीज चुकली, हेही आपल्याला ठाऊक नाही आणि पैसे त्याने परत केलेत. शाळेचं नाव व्हावं म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला त्या भांडणात उभं करणं बरोबर नाही.

शिवाय मुलांचे फोटो छापायचे किंवा समाजमाध्यमावर टाकायचे तर आई-बापाची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा स्पष्ट आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विचारणं हा माणुसकीचा भाग झाला.

---

तालुका_वार्ताहर · ७ मार्च, रात्री ११:२०

वकीलसाहेब, खरं आहे. मी बातमीदाराच्या डोळ्यानेच पाहिलं. मागे घेतो. मुलीचं आणि व्यापाऱ्याचं काही न देता "पोरं काटापट्टी तपासायला शिकतात" एवढी बातमी करता येईल. गणिताची पद्धत म्हणूनसुद्धा ती वाचनीय आहे.

---

पांदण_रस्ता · ८ मार्च, पहाटे ५:५०

फोटोचा विषय निघाला म्हणून लिहितो. याआधी कुठे लिहिलं नाही.

माझे वडील २००६ मध्ये गेले. ते शेतकरी आत्महत्यांवरच्या सरकारी पॅकेजचे दिवस होते, यवतमाळ जिल्ह्यात दिल्लीपासूनचे कॅमेरे फिरायचे. मी सहावीत होतो. शाळेत कोणी पाहुणे वह्या वाटायला आले. सगळ्या पोरांतून मला एकट्याला पुढे बोलावलं, वह्यांचा गठ्ठा हातात दिला आणि सांगितलं, वर बघ. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली "आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या मुलास मदत." शाळेने ते कात्रण सूचनाफलकावर लावलं. चार महिने ते तिथे होतं. मी पाणी प्यायला मागच्या दाराने जायचो.

शाळेच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना शाळेचं नाव व्हावं असं वाटत होतं. गुरुजी, तुम्ही काय वाटेल ते करा, पण वाटपाचे फोटो लावू नका. पोरगं हात पसरून उभं असलेला फोटो कुठल्याच भिंतीवर नको.

---

वर्धेकर_आई · ८ मार्च, सकाळी ७:०२

दादा, वाचून डोळे भरून आले.

---

माळावरचा_मास्तर · ८ मार्च, सकाळी ७:३०

पांदण_रस्ता, आमच्या फलकावर मागच्या वर्षीच्या गणवेश वाटपाचा फोटो होता. आत्ता जाऊन काढून आलो. नुसता फलक बरा.

---

मेळघाट_एसटी · ८ मार्च, दुपारी २:१५

मी धारणी तालुक्यात आठ वर्षं होतो, तिथला हिशोब वेगळा. दिवाळीनंतर अर्धी घरं कामासाठी बाहेर जातात आणि होळीला परत येतात. होळी हा तिथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, पाच दिवस फगवा (होळीची देणगी) मागणं चालतं. पाडव्याला किंवा जूनमध्ये नावं नोंदवायला गेलो तर दाराला कुलूप. म्हणून आम्ही होळीतच फिरायला लागलो. फगवा मागणाऱ्या टोळीला शाळेतर्फे फगवा द्यायचो आणि तिथेच ओट्यावर बसून नाव लिहून घ्यायचो.

पहिल्या वर्षी मी मराठीत सुंदर पत्रक छापलं होतं, ५०० प्रती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी त्यात तंबाखू बांधली, ज्यांना येत होतं त्यांना त्याची गरज नव्हती. नंतर पाचवीतल्या पोरांना घेऊन ढाण्यात (वस्तीत) फिरलो, तेच कोरकूत बोलले. मी मागे नुसता उभा. माणसं पोरांचं ऐकतात.

---

रोखठोक_अकोला · ८ मार्च, दुपारी ३:४०

माझं म्हणणं अजून तेच आहे, पण थोडं वेगळं मांडतो. शिक्षकाने फिरू नये. समितीने फिरावं. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकच असतो. मग शाळेबद्दल तेच का बोलत नाहीत? शिक्षक बोलला की लोकांना वाटतं हा नोकरी वाचवतोय. शिवाय नोकरीतले वर्तणूक नियम तुम्हाला आहेत, त्यांना नाहीत. शाळा बंद करू नका, तिसरा शिक्षक द्या, हे पेपरात म्हणायचं तर अध्यक्षांनी म्हणावं.

---

अंगणवाडी_ताई · ८ मार्च, दुपारी ४:०५

रोखठोक भाऊ, आता तुमचं पटलं. पण बैठक सकाळी अकराला ठेवू नका हो. त्या वेळी बायका निंदणाला नाहीतर वेचणीला असतात. रात्री आठला मंदिरात ठेवा, भरते की नाही पाहा.

---

खंजिरी · ८ मार्च, रात्री ९:१५

आपल्या विदर्भाला लोकांपर्यंत कसं जायचं हे बाहेरून शिकायची गरज नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे. लोक विचारायचे हा कोण? रात्री त्याच गावात कीर्तन. तोवर सगळ्यांनी त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, मग शब्द पोचायचा. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचंही तेच, माणसं जमतील तिथे भजन.

शाळेने गावासाठी एखादं काम करावं. आमच्याकडे पोरांनी गावातल्या सगळ्या विहिरींची पाण्याची पातळी दोरीने मोजून दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहिली. मे महिन्यात सरपंच स्वतः शाळेत येऊन आकडे मागून घेऊन गेले.

---

कपाशी_वखर · ८ मार्च, रात्री ९:४०

अन् तान्हा पोळा राह्यलाच की राजेहो! पोरं लाकडाचे नंदी घेऊन येतात, त्यायच्या मांगं अख्खं गाव येते. व्हॅनवाली पोरं बी येतात, नंदी तं सगळ्यायलेच पायजे. तो शाळेच्या पटांगनात भरवा. बक्षीस नंदीच्या सजावटीले नका देऊ, नाई तं पैशेवाल्याचंच पोरगं जितते. झडतीले (पोळ्याच्या गान्याले) द्या, जे पोट्ट्यानं सोताच बनवली. ही घ्या नमुना म्हनून:

आला आला नंदी, घुंगरं वाजती चार,
गुरुजीच्या वर्गात भरला पाढ्यायचा बाजार,
फाट्यावर व्हॅनची वाट पाहून पाय दुखले फार,
माय म्हने लेकरा, शाळा तं हाय पाराच्या पार!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

---

संत्रानगरी · ८ मार्च, रात्री ९:४४

हर हर महादेव!! भाऊ, पहिलं बक्षीस तुम्हालाच.

---

मेळघाट_एसटी · ८ मार्च, रात्री १०:०१

आणि नंतर रोडगे-वांग्याच्या भाजीची पंगत. शिधा गाव देतं, भाजायला माणसं लागतात. रोडगे भाजताना माणसं जेवढं मोकळं बोलतात तेवढं बैठकीत कधीच नाही.

---

काळाकोट_वरुड · ८ मार्च, रात्री १०:२५

सगळं छान, पण गुरुजींचा मूळ प्रश्न ६,००० रुपयांचा होता. माझं मत असं. २,००० चा रंग आणून दर्शनी भिंतीवर शाळेने काय शिकवलं ते लिहा. "आमच्या चौथीत इतकी मुलं, सगळी वाचतात. कधीही या, कोणतंही पुस्तक द्या, ऐका." हे दर तीन महिन्यांनी खरं ठेवावं लागेल हे लक्षात घेऊनच लिहा. १,००० पंगतीच्या तेला-मसाल्याला. बाकी ३,००० हातात ठेवा, दिवाळीसाठी. वर्धेकर ताईंनी सांगितलेला मुहूर्त तोच आहे.

---

माळावरचा_मास्तर · ९ मार्च, सकाळी ६:४५

मंडळी, ठरलं. आज फाटकाचं कुलूप काढतो, शाळा सुटेपर्यंत ते उघडं राहील. पाडव्याला समितीतल्या तीन आया आणि आमच्या बाई घरोघर जातील, मी जाणार नाही. अंगणवाडीच्या ताईंशी बोललो, शनिवारचा तास याच आठवड्यापासून. भिंतीचा मजकूर तुम्ही सांगितला तोच. पेपराला काटापट्टीच्या गणिताची बातमी, नाव-फोटो न देता. बाकी पोळ्याला पाहू.

---

माळावरचा_मास्तर · २ ऑक्टोबर, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, कारण ३० सप्टेंबरचा पट लागला. २२.

खरं सांगायचं तर जूनच्या शेवटी शाळा भरली तेव्हा २० होता. चौथीचे पाच पुढे गेले, अंगणवाडीतून सहा आले, व्हॅनमधून दोन परत आले. कॉन्व्हेंटकडे यंदा नवीन दोनच गेली.

बातमी आली, छोटीच, पाचव्या पानावर. तिच्यामुळे कोणी आलं असं वाटत नाही. फरक पडला तो भिंतीमुळे. जुलैत एक आजोबा पोथी घेऊन आले. म्हणाले, "भिंतीवर लिवलं हाय ना, कोनतंही पुस्तक? मंग हे वाचून दाखवा." जुना छाप, जोडाक्षरं भरपूर. तिसरीतला पोरगा अडखळला, थांबला, बोट ठेवून पुन्हा वाचलं. आजोबा पाऊण तास ऐकत बसले. आता दर गुरुवारी येतात, पोथी शाळेतच ठेवलीय.

तान्हा पोळा पटांगणात झाला. व्हॅनची पोरं आली होती. झडतीचं बक्षीस त्यांच्यातल्याच एकाला मिळालं. दुसऱ्या सोमवारी त्याची आई विचारायला आली, मधूनच नाव घालता येतं का. घातलं. त्याच्या मागून त्याची बहीणही आली, अशी आणखी दोन, २० चे २२ झाले.

दिवाळीचे ३,००० अजून ठेवलेत. आया म्हणतात यंदा त्या एकट्या फिरणार नाहीत, ती काटापट्टीवाली मुलगी सोबत हवी. ती आता पाचवीत आहे, बाजूच्या गावी जाते. तिच्या बापाला विचारलं. तो म्हणाला, "तिलेच इचारा."

---

वर्धेकर_आई · २ ऑक्टोबर, रात्री ९:१०

गुरुजी, मी पण आमच्या शाळेत जाऊन आले. फाटक बंदच होतं, पण मी हाक मारली. बाईंनी उघडलं. पोरीला दोन दिवस नुसतं बसायला पाठवते आहे, ती काय म्हणते ते पाहून ठरवीन.